जुनी फोर बाय फोर घेताय? पेट्रोल, गॅस की डिझेल, हे गाडी बघायला जायच्या आधी ठरवा

पावसाळ्यात एकदा पाणंदीत गाडी रुतली आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून दोराने ओढून काढावी लागली, की आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेली गाडी, शिरते. माझ्या डोक्यात ती अशीच शिरली. मी राहायला बेळगावच्या टिळकवाडीत, थोडी जमीन जांबोटीच्या पलीकडे, आणि शेताकडचे शेवटचे दोन किलोमीटर म्हणजे जून ते ऑक्टोबर नुसती राड. नवी गाडी परवडणार नव्हती, म्हणून जुनी बघायला लागलो. जो भेटेल त्याला विचारलं, इंधन कुठलं घेऊ? पानपट्टीवाल्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच. "जीप म्हटल्यावर डिझेलच की!"

घेतली. तीन वर्षं जुनी, बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांतलं) डिझेल, दिसायला नवरीसारखी. दीड वर्षात विकावी लागली. ज्यांनी घेतली ते दर आठवड्याला चोर्ला घाटातून गोव्याला जातात आणि त्यांच्याकडे ती आजही तक्रार न करता पळते. गाडीत खोट नव्हती, माझी रोजची फेरी त्या इंधनाला मानवणारी नव्हती. त्यानंतर मी जुनी पेट्रोल घेतली आणि या दोन व्यवहारांत जे पैसे देऊन शिकलो ते इथे लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, आणि सीमेपलीकडचे चंदगड-गडहिंग्लजवाले, सगळ्यांना लागू पडेल असं बघितलंय.

१. महिनाभर वही ठेवा

गाडी बघायला जाऊ नका. आधी एक जुनी वही घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा: आज एकूण किती किलोमीटर, एका दमात सलग किती, मागे वजन किती, आणि वाट कसली. सध्या स्कूटरवर फिरत असाल तरी लिहा. गाडी नुसती उभी राहील असे दिवसही मोजा.

माझी वही मी उशिरा लिहिली. घर ते कॅम्पातलं ऑफिस चार किलोमीटर, त्यातला बराच वेळ रेल्वे गेटवर उभा. संध्याकाळी तेच उलटं. महिन्यातून दोनदा शेत, वर्षातून दोन-तीनदा कोल्हापूर. बेरीज केली तर वर्षाला कसेबसे सहा हजार किलोमीटर. ही वही आमच्या फिटरमामांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "रोज चार किलोमीटर चालवूलालास? मग सायकल घे की!"

वही झाली की तुम्ही पुढच्यापैकी कोण हे आपोआप कळतं. रोज शहरात थोडं थोडं आणि कधीतरी चिखल. रोज लांब, महामार्ग किंवा घाट. किंवा गाडी शेतावरच, खत-बियाणं-दुधाचे कॅन वाहायला. या तिघांची उत्तरं वेगळी आहेत.

२. जुन्या बाजारात काय मिळतं ते बघा

इंधन आपण निवडतो असं वाटतं, पण निम्मी निवड बाजारानेच करून ठेवलेली असते. आपल्याकडची जुनी फोर बाय फोर म्हणजे मुख्यतः डिझेल. महिंद्राच्या एमएम ५४०, ५५०, कमांडर, बोलेरो आणि स्कॉर्पिओच्या फोर बाय फोर, टाटाची सफारी, फोर्सची गुरखा, सगळ्या डिझेल. २०१० साली आलेली पहिली थार फक्त डिझेलमध्ये होती. डस्टरची चारही चाकांना ओढ असलेली गाडी डिझेलमध्येच आली. फॉर्च्युनरची फोर बाय फोर हवी तर डिझेलच; पेट्रोल फॉर्च्युनर दोन चाकांवर चालते, हे जाहिरातीतला फोटो बघून कळत नाही.

पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं मुख्य नाव होतं मारुती जिप्सी. १९८५ साली ९७० सीसीचं इंजिन घेऊन आली, पुढे १३०० सीसी झाली, आधी कार्बोरेटर आणि नंतर एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी. मग २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार दोन लिटर टर्बो पेट्रोल आणि २.२ लिटर डिझेल अशा दोन्हीत आली, आणि २०२३ साली जिमनी आली ती फक्त पेट्रोलमध्ये. या दोन्ही गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्यात.

इथे एक खड्डा आहे. २०२३ पासून थार मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते, आणि त्यातलं दीड लिटरचं डिझेल फोर बाय फोरमध्ये आलंच नाही. "साहेब, थार आहे, डिझेल आहे, स्वस्त आहे" असा फोन आला तर पहिला प्रश्न हा: गिअरच्या शेजारी फोर बाय फोर टाकायचा दुसरा छोटा दांडा आहे का?

गॅसचं म्हणाल तर कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली फोर बाय फोर मला बघायला मिळाली नाही. बाजारात दिसतात त्या बाहेरून किट बसवलेल्या जिप्सी. त्यांच्याबद्दल पुढे.

३. कागदावर हिशोब करा

पंपावरचे दर बदलत राहतात, म्हणून हिशोबाला सोपं जावं असे आकडे धरतो: पेट्रोल १०० रुपये, डिझेल ९०. ॲव्हरेज पेट्रोलचं १०, डिझेलचं साडेबारा. तशीच गाडी डिझेलमध्ये घ्यायला दीड लाख जास्त मोजावे लागतात असं धरू.

माझ्यासारखा वर्षाला ६,००० किलोमीटर चालवणारा पेट्रोलवर ६०,००० घालवतो आणि डिझेलवर ४३,२००. वाचले १६,८००. जास्तीचे दीड लाख वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षं. तोवर गाडी तरी राहील का, आणि मध्ये एकदा इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, बदलावे लागले तर? वर्षाला २०,००० चालवणाऱ्याचं मात्र वेगळं. त्याचे पेट्रोलवर दोन लाख जातात, डिझेलवर १,४४,०००. वर्षाला ५६,००० वाचतात आणि तीन वर्षं व्हायच्या आतच वरचे पैसे फिटतात. तुमच्या वहीतला आकडा घाला, आजचे दर घाला, दहा मिनिटांचं काम आहे.

सीमेवर राहणाऱ्याला एक जादा खेळ सुचतो: इकडचा पंप, तिकडचा पंप. महाराष्ट्रातले लोक कर्नाटकात शिरल्यावर कोगनोळी-निपाणीकडे टाकी भरतात, आणि आपण गोव्याला गेलो की परतताना तिथे भरून येतो. जाणं-येणं असेलच तर बोर्ड बघून भरा. पण त्यासाठी मुद्दाम फेरी मारू नका, आणि प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल तर अजिबात आणू नका. चाळीस लिटरवर दोनशे रुपये वाचवायला निघालेल्या माणसाने घाटात चहा-भजीवर तेवढेच घालवलेले मी पाहिलेत. तो माणूस मीच.

४. डिझेल बघताना: आधी कुठलं डिझेल ते विचारा

डिझेल म्हणजे एक वस्तू असं समजून लोक फसतात. आपल्या बाजारात तीन पिढ्या उभ्या आहेत आणि तिघींचा स्वभाव निराळा.

पहिली पिढी पंप-नोझलची. जुन्या जीप, डीआय बोलेरो, डीआय थार. पळायला मंद, आवाज चक्कीसारखा, पण इलेक्ट्रॉनिक असं काही नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कुठलाही फिटर हे इंजिन खोलू शकतो. आपल्याकडे हा फार मोठा फायदा आहे. खानापूर तालुक्यातल्या आडगावात स्कॅनर मिळणार नाही, पण पाना-पकड घेऊन बसलेला मिस्त्री मिळेल. इंजिनच्या बोअर, क्रँक, हेड यांचं लेथवरचं काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत होतं. शेतावर राहणाऱ्या गाडीसाठी मला आजही हीच पिढी पटते.

दुसरी पिढी सीआरडीईची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्टरची. ओढ जास्त, धूर कमी, ॲव्हरेज बरं. पण इंजेक्टर नाजूक. त्यांना धूळ आणि पाणी चालत नाही, आणि आपण शेतावर डिझेल ठेवतो ते उघड्या बॅरलमध्ये, पावसाळ्यात. आधीच्या मालकाने कॅनमधून डिझेल ओतलं असेल तर ती शिक्षा तुमच्या वाट्याला येते. चारही इंजेक्टरची रिटर्न, म्हणजे प्रत्येकातून परत येणारं डिझेल, तपासून घ्या. फिटर बाटल्या लावून मोजतो, अर्ध्या तासाचं काम.

तिसरी पिढी बीएस-६ ची, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची. हिच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. इंजिनची काजळी त्या जाळीत साठते आणि गाडी बराच वेळ सलग, गरम होऊन पळाली की तिथेच जळून जाते. सलग पळालीच नाही तर साठत राहते. माझ्या चार किलोमीटरच्या फेरीत ती कधी जळलीच नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला, वर्कशॉपमध्ये नेऊन जाळून आणली. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी नवी जाळी घाला म्हणाले आणि कागदावर आकडा लिहून दिला. तो बघून मी तिथल्या बाकावर बसलो. काही बीएस-६ डिझेलना यूरियाचं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपवून गाडी बंद केली तर पुन्हा चालू होत नाही, हेही घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

अशी गाडी बघताना ऑइलची पट्टी काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर समजा, जाळी साफ करायचा प्रयत्न वारंवार अर्धवट राहिलाय आणि न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरलंय. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कुठल्याही पिढीचं डिझेल बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू झालं पाहिजे. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलीय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ढगासारखा काळा म्हणजे नोझल, टर्बो किंवा हवेच्या पाइपाचं काम. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सोडवून तिथेच उलटं ठेवा. ते थरथरत उडून पडलं, आत भकभक धूर दिसला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. ही एक परीक्षा सगळ्या गोड बोलण्यापेक्षा खरी.

५. पेट्रोल: ओढ कमी ही तक्रार कितपत खरी

"पेट्रोल चिखलात ओढत नाही" असं सांगणाऱ्याने बहुतेक वेळा लो रेंज, म्हणजे जास्त ओढीचा सावकाश गिअर, टाकून गाडी चालवलेली नसते. छोट्या दांड्याने फोर-लो टाकलं की चाकांवरची ओढ चांगलीच वाढते आणि जिप्सीचं ८० हॉर्सपॉवरचं इंजिनसुद्धा मुंगीसारखं चढतं. शिवाय जिप्सी टनभराच्या आसपास, नवी डिझेल थार तिच्याहून कितीतरी जड. खानापूरकडची तांबडी, दगडगोट्यांची वाट असेल तर दोन्ही जातील. पण सांब्रा-बाळेकुंद्रीकडची काळी माती पाऊस पडल्यावर टायरच्या खाचा भरून टाकते, तिथे वजन म्हणजे शत्रू. हलकी गाडी वरून तरंगत जाते, जड गाडी बसते. डिझेलची ओढ तिथे स्वतःचाच खड्डा खणायला उपयोगी पडते.

ज्याला खरंच ओझं ओढायचंय, मागे ट्रॉली लावायचीय, चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढायचाय, त्याला मात्र डिझेलच बरं. यात वाद नाही.

पेट्रोलचा आजचा खरा मुद्दा इथेनॉल. आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. आपल्या जिल्ह्यातला ऊस फिरून आपल्याच टाकीत येतो म्हणायचं! एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप-वॉशर त्याला टिकतील असेच घातलेले. त्याआधीच्या गाडीत, विशेषतः कार्बोरेटरच्या जिप्सीत, जुने रबरी पाइप, वॉशर, पंपातला पडदा हे सगळं कडक होऊन तडकू शकतं. ॲव्हरेजही थोडं उतरतं. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी अर्ध्या टाकीवर पावसाळाभर कणकुंबीसारख्या धो-धो पावसाच्या ठिकाणी शेडमध्ये उभी राहिली तर टाकीत पाणी आणि गंज ठरलेला. त्यामुळे जुनी पेट्रोल घेतली की पहिल्याच महिन्यात इंधनाचे सगळे रबरी पाइप नवे घाला. खर्च किरकोळ, आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळण्यापेक्षा स्वस्त.

पाण्यातून जाताना जुनी पेट्रोल बंद पडते ती डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज वाटणारा भाग) किंवा प्लगची वायर ओली झाली म्हणून. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून ती पाण्यात शूर अशी ख्याती. पण इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलं तर दोघींचाही कनेक्टिंग रॉड वाकतो. बॉनेट उघडून हवा कुठून आत जाते ते तोंड शोधा आणि बाहेरून तेवढ्या उंचीवर मनात रेघ मारा. नाल्याचं पाणी त्या रेघेच्या बरंच खाली असेल तरच पुढचा विचार.

६. गॅस: बहुतेकांना नको, पण काहींना चालेल

सीएनजी बेळगावात मिळतो, महामार्गावरही मिळतो. तुमच्या शेताच्या वाटेवर मिळतो का, हा प्रश्न आहे. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये पंपावर आठ-नऊ किलो जातो. फोर बाय फोरला किलोमागे ११ किलोमीटर पडले तरी शंभराच्या आतच संपतो. बेळगावहून कणकुंबीला जाऊन परत येईपर्यंत काटा खाली. उरलेली वाट पेट्रोलवर.

शिवाय सिलिंडर मागची अर्धी जागा खातो, त्याचं वजन मागच्या चाकांच्या मागे लोंबतं, आणि चढावर ताकद थोडी कमी पडते. रोज बेळगाव-निपाणी किंवा बेळगाव-धारवाड करणाऱ्या आणि चिखलात क्वचित जाणाऱ्या माणसाला परवडेल. पण मग त्याला फोर बाय फोर कशाला हवी, हा प्रश्न मी त्याच्यावरच सोपवतो.

एलपीजीबद्दल एकच. पंपावरचा ऑटो एलपीजी वेगळा आणि घरचा सिलिंडर वेगळा. घरच्या सिलिंडरमधून गाडीत गॅस भरून देणारे अजून आहेत. ते बेकायदा आहे आणि स्फोट झाला तर विमा कंपनी दारातही उभं करणार नाही. विकणारा "स्वस्तात भरून मिळतो, मी नंबर देतो" म्हणाला तर नंबर न घेता निघा.

तरीही किट असलेली गाडी आवडलीच, तर हे बघा: आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" असं चढलंय का, विम्यात किटची नोंद आहे का, आणि सिलिंडरची दाबचाचणी कधी झाली. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख सिलिंडरवर किंवा पट्टीवर कोरलेली असते. साबणाचं पाणी करून जोडांवर लावा, बुडबुडा दिसतोच. उलटाही प्रकार असतो: आरसीवर सीएनजी आहे आणि गाडीत किटच नाही, मालकाने काढून वेगळं विकलंय. डिकीच्या पत्र्याला चार भोकं आणि लोंबणाऱ्या वायरी दिसल्या तर विचारा.

७. पासिंग आणि कागद

सीमेवरच्या माणसाची खरी अडचण इथे. कोल्हापुरात गाडी बघितली, एमएच-०९ पासिंग, आपल्या केए-२२ वाल्यापेक्षा लाखभर स्वस्त. का स्वस्त, हे कळायला मला एक आठवडा लागला. दुसऱ्या राज्याची गाडी आपल्याकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स देशातल्या जड करांपैकी. गाडीच्या वयाप्रमाणे तो उतरत जातो, पण तीन-चार वर्षांच्या महागड्या डिझेलला सगळा फायदा खाऊन टाकू शकतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, फक्त सबुरी हवी. म्हणून भाव ठरवायच्या आधी आरटीओत त्या गाडीचं वर्ष आणि मूळ किंमत सांगून टॅक्सचा आकडा काढा. इसार त्यानंतर. चंदगड किंवा गडहिंग्लजच्या माणसाने आपल्याकडची गाडी घेताना हाच हिशोब उलटा करायचा.

कागद हे मागा, आणि मूळ प्रत बघा, मोबाइलमधला फोटो चालणार नाही:

- आरसी. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्याशी स्वतः जुळवा.
- विमा आणि पीयूसी.
- कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५.
- नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीसकट.
- बाहेरच्या राज्याची असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी, ज्यावर तुमच्याच आरटीओचं नाव असेल.
- विकणाऱ्याचं ओळखपत्र, आणि आरसीवरचं नाव तेच आहे याची खात्री.
- गॅस किट असेल तर किटचं बिल आणि सिलिंडरचं प्रमाणपत्र.

सरकारच्या एमपरिवाहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की इंधनाचा रकाना दिसतो. तो रकाना नीट वाचा, कारण जुन्या जीपमधली सगळ्यात मोठी फसगत तिथेच पकडली जाते. मूळची पेट्रोल जीप, कुणीतरी वीस वर्षांपूर्वी डिझेल इंजिन घातलं, कागदावर अजून पेट्रोल. किंवा मूळची दोन चाकांवर चालणारी, खालून फोर बाय फोरचे हाउसिंग (चाकं फिरवणारे ॲक्सल) जोडलेले. चालते झकास. पण नोंद नसलेला बदल म्हणजे नाव बदलताना, पासिंग वाढवताना आणि अपघातानंतर विमा मागताना, तिन्ही वेळा अडकणार.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, म्हणून हिरवा रंग मारलेली प्रत्येक जिप्सी "मिलिट्रीची" म्हणून विकली जाते. खरंच लष्कराच्या लिलावातली असेल तर लिलावाचे कागद आणि त्यानंतरची आरटीओ नोंदणी दोन्ही असायला हवं. नुसता रंग डब्यातही मिळतो.

१५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं पासिंग पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. २०२२ पासून मोटारीला त्याची फी ५,००० रुपये आहे, २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००, वर ग्रीन टॅक्स. दहा वर्षांवरची डिझेल बंद, असं कुणी घाबरवलं तर तो नियम दिल्ली परिसरातला, आपल्याकडचा नव्हे. पण त्याच नियमामुळे तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे उतरतात. दिल्ली किंवा हरियाणा पासिंग दिसलं तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

८. बघायला जाताना पिशवीत

हातातली बॅटरी (टॉर्च), जुनी चादर किंवा पोतं (गाडीखाली झोपायला), लोहचुंबक, पांढरा कागद, साबणाचं पाणी आणि एक फिटर. फिटर तुमचा हवा, विकणाऱ्याचा नको. त्याला दिवसाची मजुरी द्या, फुकट नेऊ नका. फुकट आलेला माणूस लवकर "चालतंय की" म्हणतो.

चासीवर टॉर्च मारा. गोव्याकडे किंवा कारवारकडे राहिलेली गाडी आतून गंजते आणि वरून काळा रंग मारलेला असतो. लोहचुंबक चिकटला नाही तर पत्र्याच्या जागी लांबी (पुट्टी) भरलीय. पाट्यांचे शॅकल, हाउसिंगचे जोड, ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारा डबा) ऑइलचे थेंब बघा.

मग फोर-लो टाकून बघा, पण डांबरी रस्त्यावर नको. मातीच्या मोकळ्या जागेत न्या. जुन्या जीप किंवा जिप्सीत पुढचे हब, म्हणजे चाकांच्या मधल्या टोप्या, हाताने फिरवून लॉक करावे लागतात. ते फिरतच नसतील तर गाडी कित्येक वर्षं दोन चाकांवरच चाललीय. दांडा पडतो, पण पुढची चाकं ओढतात का? एकाला बाहेर उभं करून मागची चाकं मऊ मातीत घसरवा आणि पुढची माती उडवतात का ते त्याला बघू द्या. पुढे-मागे करताना खालून "टक्" असा एक आवाज चालतो. "कड-कड-कड" आला तर हाउसिंगमधले क्राउन-पिनियनचे दाते गेलेत.

विकणारा फोर-लो टाकून द्यायला टाळाटाळ करत असेल, "आत्ता गरज काय, पावसाळ्यात बघा" म्हणत असेल, तर भाव दोन चाकांच्या गाडीचा करा.

९. घरी आणल्यावर पहिला आठवडा

विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. नाव बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात. एजंटाला दिलं तरी पावती आपल्या हातात घ्या.

मग सगळी ऑइलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं हाउसिंग. काढलेलं हाउसिंगचं ऑइल पांढऱ्या कागदावर ओता. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, चमचमलं तर लोखंडाची भुकटी आहे. डिझेल असेल तर फिल्टर नवा आणि खालच्या वॉटर सेपरेटरचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी सोडा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला सोडत राहा. पेट्रोल असेल तर पाइप, ते वर सांगितलंच. बीएस-६ डिझेल असेल आणि तुमची फेरी माझ्यासारखीच निघाली असेल, तर रविवारी सकाळी महामार्गाला लावा, कित्तूरपर्यंत चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये न थांबता न्या, नाष्टा करा आणि तसेच परत या.